दीडपर्यंतची परवानगी दारूला आहे, स्पीकरला नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा, पण बाटल्यांचा भाग तेवढा राहू द्या.

आम्ही बाणेरला राहतो, बालेवाडीच्या अंगाला. सतरा वर्षं झाली. आलो तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता आणि त्यात म्हशी बसायच्या, आता तिथे चार मजली कमर्शियल बिल्डिंग आहे, खाली बँक, मग दाताचा दवाखाना, वर जिम आणि गच्चीवर मागच्या दिवाळीपासून क्लब. क्लब म्हणजे काय तर बांबूचा मांडव, कडेने प्लास्टिकचे पडदे, दिव्यांच्या माळा आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर. आमची बेडरूम पाचव्या मजल्यावर म्हणजे अगदी डीजेच्या समोरासमोर. एकदा मी खिडकी लावायला गेले तर त्याने मला हात केला.

आधी फक्त शनिवार होता म्हणून कुणी काही बोललं नाही, म्हटलं पोरं आहेत, आठवडाभर लॅपटॉपसमोर बसतात, नाचू देत. मग शुक्रवार सुरू झाला, मग रविवार, आणि आता बुधवारी लेडीज नाइट. आमच्या सोसायटीतल्या लेडीजना मात्र त्या नाइटला झोप नाही.

गाणं ऐकू येतं म्हणावं तर तेही नाही. शब्द कळत नाहीत, चाल कळत नाही, नुसतं धप धप धप. ओट्यावर पालथ्या घातलेल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिण करतात, मी आता दोन वाट्यांच्या मध्ये फडकं घालून ठेवते. सासूबाई 84 वर्षांच्या, त्यांना कानाला कमी ऐकू येतं, तरी त्या म्हणतात छातीत काहीतरी वाजतंय गं. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा आम्ही घाबरून डॉक्टरला फोन लावला होता.

माझा भाचा साऊंडचं काम करतो, लग्नं, गॅदरिंग वगैरे, त्याने समजावून सांगितलं. म्हणे मावशी हा बेस आहे, 50 हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, तिला तुझी खिडकी काय आणि पडदा काय, भिंतीतूनही ती आरामात येते. वरचे आवाज भिंत अडवते म्हणून गाणं येत नाही, ठोके तेवढे येतात. आणि मोजायचं मशीन असतं ना, ते माणसाच्या कानाच्या हिशोबाने लावलेलं असतं, ते असे खालचे आवाज खूप कमी करून दाखवतं, 50 हर्ट्झला तर जवळपास 30 डेसिबल कमी. म्हणजे मीटरवर आकडा बरा दिसला तरी वाट्या वाजायच्या त्या वाजतातच. मी हौसेने मोबाईलवर अॅप टाकून मोजलं, खिडक्या लावून 63 आलं, तर तो म्हणाला अॅपचं काही खरं नसतं. बरं बाबा, नसेल, पण रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 आहे, अॅप किती चुकेल?

आता मुख्य मुद्दा. तक्रार घेऊन जाल तिथे पहिलं वाक्य ठरलेलं, अहो मॅडम त्यांना दीडपर्यंत परवानगी आहे. मॅनेजर तेच सांगतो, एका ऑफिसातले साहेब तेच म्हणाले, आणि खरं सांगायचं तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही अर्ध्या लोकांना तेच वाटत होतं. पुण्यात परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा आहे हे बरोबर. पण ती ग्लास भरायची मुभा आहे, स्पीकर लावायची नाही. आवाजाचे नियम वेगळे आहेत, 2000 सालचे, केंद्राचे. त्यात रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि त्या वेळात लाऊडस्पीकर वाजवायचा तर बंद जागेत, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल असल्या ठिकाणी, आणि तेसुद्धा आवाज आतल्याआत ठेवून. खासगी सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलच्या वर जाता कामा नये हेही त्यातच आहे. आता बांबू आणि प्लास्टिकचा पडदा म्हणजे बंद जागा होते का एवढंच मला कुणीतरी लेखी सांगावं. वारा आला की तो पडदा उडून आमच्या बाजूला येतो.

सणासुदीला सरकार बारापर्यंत सूट देतं ती वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. गणपतीत आमच्याही मंडळाने काही कमी धिंगाणा घातलेला नाही, तेव्हा मी सेक्रेटरीशी भांडले होते, विचारा त्यांना. पण तो विषय दहा दिवसांचा. इथे आठवड्याचे चार म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर रात्री होतात आणि त्याला सणही लागत नाही.

मला राहून राहून सवाईचं आठवतं. आम्ही रमणबागेत शाल गुंडाळून थर्मास घेऊन बसायचो, पहाटेपर्यंत गाणं चालायचं. 1953 पासूनचा महोत्सव, पण हे नियम आले तसं रात्रभराचं सवाई रात्री दहाच्या आत आलं, एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी काढावी लागते. पहाटेचे राग गेले, आम्ही हळहळलो, पण कुणी म्हटलं नाही की भीमसेनजींच्या महोत्सवाला नियम कशाला. आणि तोच नियम या मांडवाला लागू करताना एवढा विचार कशाला करावा लागतो?

112 वर फोन केला की गाडी येते, नाही असं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की वर आवाज कमी, खाली दोन मिनिटं बोलणं, गाडी गेली की परत धप धप. एकदा आमच्या ह्यांनी घड्याळ लावलं, सहा मिनिटं. आणि तिसऱ्या तक्रारीनंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या दारात क्लबचा माणूस काजूकतलीचा बॉक्स घेऊन हजर, काकू काही प्रॉब्लेम असेल तर डायरेक्ट मला सांगायचं ना. फ्लॅट नंबर याला कुणी दिला? तक्रारदाराचं नाव उघड न करता कारवाई करा असं मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2025 मध्ये लाऊडस्पीकरच्याच केसमध्ये पोलिसांना सांगितलंय. आमच्या मजल्यावर दोन घरांत वयस्कर माणसं एकटी राहतात, त्या बॉक्सनंतर ती सही करायला तयार नाहीत.

आता बाटल्यांचं. संगीत दीडला थांबतं, पावणेदोनला गाड्यांची दारं आणि हॉर्न, आमच्या गेटसमोर सेल्फी, त्यातलं कुणीतरी रडत असतं, कुणीतरी त्याची समजूत काढत असतं. हे सगळं शांत होऊन जरा डोळा लागतो न लागतो तोवर सव्वादोनला टेम्पो येतो आणि दोन मुलं क्रेटच्या क्रेट बाटल्या टेम्पोत ओततात. ठेवत नाहीत, ओततात. आवाज असा की गल्लीतली सगळी कुत्री एकदम उठतात. ही बाटल्यांची वेळ सकाळी नऊ करा एवढी साधी गोष्ट मी मॅनेजरला स्वतः जाऊन सांगितली, तो हो म्हणाला, त्याला आता दोन महिने झाले.

कल्याणीनगरला 19 मे 2024 ला पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर चिरडले, पबमधून निघालेल्या त्या अल्पवयीन मुलाला जामिनासाठी सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधाबद्दल सगळ्या देशाने ऐकलं, तेव्हा काही दिवस शहरात पबच्या बेकायदा बांधकामांवर हातोडे पडले. आमच्या समोरचा मांडव त्यानंतर उभा राहिलाय.

क्लब बंद करा असं आम्ही म्हणत नाही, माझा स्वतःचा मुलगा तिथे मित्राच्या बर्थडेला जाऊन आलाय आणि म्हणतो पिझ्झा चांगला असतो. खाली तिसरा मजला निम्मा रिकामा पडलाय, दहानंतर स्पीकर तिथे न्या, भिंतींना साऊंडप्रूफिंग करा आणि दीडपर्यंत काय नाचायचं ते नाचा. गच्चीवर जेवणं चालू देत, गप्पा चालू देत. आणि मोजायला येणाऱ्यांना विनंती की दिवसा चारला गेटपाशी मीटर धरू नका, बुधवारी रात्री साडेअकराला आमच्याकडे या, चहा करते.

काजूकतलीचा बॉक्स उघडलेला नाही, सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवलाय. मालकांनी घेऊन जावा, दिवसा.

आपली,
एक रहिवासी, बाणेर, पुणे