मेंदूच्या शिरांच्या सीटी तपासणीसाठी इंजेक्टर घेण्याकरिता जत तालुक्यातील नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या धर्मादाय रुग्णालयात सीटी स्कॅनचे यंत्र आहे, ते चालवणारे तंत्रज्ञ आहेत. तरीही मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय आला की रुग्णाला मिरजेलाच पाठवावे लागते, कारण डाय (सीटीत शिरा उजळून दिसाव्यात म्हणून टोचायचे औषध) ठरावीक वेगाने शिरेत सोडणारा इंजेक्टर आमच्याकडे नाही. तो घेण्यासाठी विश्वस्त मंडळ आपणाकडे मदत मागत आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक बाळंतीण बाराव्या दिवशी आमच्याकडे आली. चार दिवस डोके ठणकत होते, उजेड सोसत नव्हता, म्हणून ती पदर डोळ्यांवर ओढून बसली होती. घरी सर्वांनी वारे लागले असे धरले होते. आदल्या दिवशी दुसरीकडे काढलेला साधा सीटी नॉर्मल आला होता आणि तिला गोळ्या देऊन घरी पाठवले होते. आमच्या दारातच तिला फिट आली. मिरजेला डाय देऊन सीटी झाला, गुठळी दिसली, रक्त पातळ करणारे हेपरिन सुरू झाले आणि ती बरी झाली; पण मधले तास तिच्या आईने कसे काढले असतील, हे रुग्णवाहिकेत सोबत गेलेल्या आमच्या परिचारिकेला विचारावे.

मेंदूकडून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी अडकली की रक्त मागे तुंबते, मेंदूला सूज येते आणि कधी रक्तस्रावही होतो. आजार विरळा आहे, परंतु त्यात तरुण स्त्रियांचे प्रमाण जास्त असते व बाळंतपणानंतरचे आठवडे विशेष जोखमीचे असतात. (काही घरांत बाळंतिणीला पाणी बेतानेच देतात; अंगातले पाणी कमी झाले की गुठळीचा धोका वाढतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हात तर ही पद्धत सोडून द्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.) साध्या सीटीत गुठळी कधी पांढऱ्या दोरीसारखी दिसते, पण पुष्कळदा काहीच दिसत नाही. डाय दिल्यावर मात्र रक्त वाहणाऱ्या शिरा उजळतात आणि गुठळीची जागा काळी राहते. डोक्याच्या मागच्या बाजूला मोठ्या शिरेच्या उजळ कडांमध्ये काळा त्रिकोण उमटतो. त्यासाठी डाय सेकंदाला ३ ते ४ मिलिलिटर वेगाने जावा लागतो आणि तो शिरांत भरल्यावर, म्हणजे साधारण पाऊण मिनिटाने, प्रतिमा घ्यावी लागते. हाताने दाबलेल्या सिरिंजने हे भरवशाने साधत नाही. एमआरआयनेही निदान होते, पण त्याला वेळ लागतो आणि फिट येणाऱ्या रुग्णाला तेवढा वेळ निश्चल ठेवणे अवघड असते.

निदान पक्के होणे याकरिता महत्त्वाचे, की गुठळीमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला तरी रक्त पातळ करणारे हेपरिनच द्यावे लागते, आणि ते अंदाजाने सुरू करण्यास कोणताही डॉक्टर धजावणार नाही.

इंजेक्टरसाठी आलेली दरपत्रके रुग्णालयाच्या सूचनाफलकावर लावली आहेत. जमलेल्या रकमेतून काही उरल्यास ती गरजू रुग्णांच्या डायच्या खर्चासाठीच राखून ठेवली जाईल आणि हिशेब दरमहा त्याच फलकावर लागेल. देणगी शक्यतो धनादेशाने, रुग्णालयाच्या कार्यालयात द्यावी व पावती अवश्य घ्यावी. ज्यांना पैसे देणे जमणार नाही, त्यांनी आपल्या वाडीवस्तीवरील बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी आशाताईंच्या कानावर घालावी. तीही आम्हाला मोठी मदत होईल.

आपले,
विश्वस्त मंडळ