नाना, तुमच्यामुळे मुकादमाला खरं बोलावं लागलं

ती. स्व. नाना यांना सा. नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. अमळनेर-पारोळ्याकडची कितीतरी पोरं आजही वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणींवर ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जातात. त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

आमचे हे खाणीवरच्या अपघातात गेले तेव्हा मला पैसा नको होता, मला तो मुकादम हवा होता. डंपर मागे घेताना वाजणारा भोंगा बंद आहे, हे त्याला आधीच्या पाळीतच सांगितलेलं होतं. तरी त्याने यांना ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यावर, डंपरच्या मागे उभं केलं. यांच्या सोबतचा पोरगा दारावर आला तेव्हा रडत रडत हे सांगून गेला. वर ठेकेदाराचा निरोप काय, तर 'हा माणूस आमच्या कामावर नव्हताच.' दहावं उरकलं आणि मी कडबा कापायचा विळा जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातला. भुसावळहून वर्ध्याकडे गाडी कधी आहे तेही विचारून ठेवलं होतं. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही.

सासूबाईंनी पिशवी पाहिली आणि त्या तडक तुमच्याकडे आल्या. तुम्ही उभी हयात खाणीवर हजेरी लिहिण्यात काढलेली. मला वाटलं, आता हे समजूत घालणार, लेकरांच्या शपथा देणार. तुम्ही ओट्यावर टेकलात, पाणी प्यायलात आणि विचारलंत, "त्यानी व्हीटीसी व्हयेल व्हती का?"

मला काही कळेना. तेव्हा तुम्ही सांगितलंत की व्हीटीसी म्हणजे खाणकामाचं प्रशिक्षण, ते झाल्याशिवाय माणसाला खाणीत कामाला उतरवताच येत नाही, 1966 पासून तसा नियम आहे, आणि त्या प्रशिक्षणाचा कागद असतो. आपण यांची पत्र्याची पेटी उपसली. स्वेटरच्या घडीत तो कागद निघाला. यांचा फोटो, सही आणि त्याच ठेकेदाराचं नाव. तुम्ही चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा वाचलात आणि म्हणालात, आता तो 'नव्हता' कसं म्हणतो ते बघू.

पुढे ठेकेदाराचा माणूस दोन लाख रुपये आणि टाईप केलेला कागद घेऊन आला. 'सही करा, विषय मिटवा.' भाऊबंदांपैकी निम्मे म्हणत होते, घेऊन टाक. तुम्ही त्याला माझ्यासमोर तेव्हा लागू असलेला 1923 चा कामगार भरपाई कायदा ऐकवलात. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, विधवेच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत, आणि हक्क सोडल्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही. तो माणूस चहा न घेताच उठला.

माझी सगळ्यात मोठी भीती होती वणीच्या खेपांची. दोन लेकरं, सासूबाई आणि कापूस वेचणीची मजुरी. दावा आपण राहतो त्या भागातही लावता येतो, हे तुमच्याकडूनच कळलं. जळगावच्या कामगार न्यायालयात दावा लागला आणि त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाखाली ठेकेदाराबरोबर खाणीचा मूळ मालकही त्यात आला. यांना 35 वर्षं पूर्ण झालेली. त्या वयाचा कायद्यातला गुणक 197.06, पगार तेव्हा 15,000 पर्यंतच धरत, त्याचा निम्मा 7,500. गुणाकार 14,77,950 रुपये. तो तुम्ही पोराच्या वहीत करून दाखवलात आणि त्याच्याकडून पुन्हा करून घेतलात. वर 12 टक्के व्याज.

पण नाना, तुमचे आभार मला त्या आकड्यासाठी मानायचे नाहीत. मुकादम साक्षीला उभा राहिला. वकिलांनी व्हीटीसीचा कागद पुढे केला, हजेरीचं रजिस्टर मागवलेलं होतंच. त्याला माझ्यादेखत म्हणावं लागलं, "हो, माझ्याच हाताखाली होता. मीच उभं केलं होतं." मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघेना. विळ्याने त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं नसतं.

फौजदारी खटला अजून चालू आहे आणि मी तो सोडणार नाही. लेकरांच्या वाट्याचे पैसे न्यायालयाने बँकेत ठेवायला लावले. तुम्ही एसटीच्या भाड्याचेही पैसे घेतले नाहीत, हे मात्र मला अजून सलतं.

ज्यांच्या घरचं माणूस खाणीवर आहे त्यांनी व्हीटीसीच्या कागदाची आणि पगाराच्या चिठ्ठीची एक प्रत गावाकडे ठेवा. माणूस दगावला तर दोन वर्षांच्या आत दावा लावा, आणि तोवर कशावरही अंगठा देऊ नका.

नाना, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) यांच्या नावाची घागर भरणार आहे. तुम्ही आणि काकू दोघांनी जेवायला यायचं. मांडे खापरावरचेच करणार आहे, आणि या वेळी पथ्याचं कारण चालणार नाही.

तुमची लेकीसारखी,
पारोळा तालुक्यातली एक बाई