सिस्टिमच्या लायब्ररीला हात लावू दिला नाहीत, म्हणून

प्रिय ताई,

त्या रात्री तुम्ही फोन उचलला नसता, तर मी सिस्टिमचं ओपनएसएसएल, म्हणजे एन्क्रिप्शनची लायब्ररी, काढून त्या जागी नवं बसवलं असतं. एंटर दाबायचंच बाकी होतं. सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा, त्यात ओपनएसएसएल १.०.२, आणि मला तिथे बसवायच्या पायथन ३.१० ला किमान १.१.१ हवं. "हात लावू नकोस, एसएसएच त्याच्याच जिवावर चाललंय," तुम्ही म्हणालात. सर्व्हर दुसऱ्या शहरात. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं साधन, गेलं असतं तर आत शिरायला वाटच उरली नसती.

तुमच्या सांगण्यावरून नवं ओपनएसएसएल ऑप्ट नावाच्या फोल्डरमध्ये वेगळं बसवलं. पायथन सोर्सवरून बिल्डही केलं, पण त्याचं ओपनएसएसएल वापरणारं एसएसएल मॉड्यूल इंपोर्ट होईना. मग टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाईलमध्ये मी एलडी लायब्ररी पाथ टाकला, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारी ओळ. टर्मिनलवर सगळं चाललं, मी निश्चिंत झोपलो आणि पहाटे आपोआप चालणारा क्रॉन जॉब फेल झाला. क्रॉन बॅशआरसी वाचतच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तुम्हालाच फोन. तुम्हाला स्क्रीन दिसत नव्हती, मी एकेक ओळ वाचत होतो. मॉड्यूलच्या फाईलवर एलडीडी चालवायला लावलंत, म्हणजे तिला लागणाऱ्या लायब्ररी सापडतात का ते दाखवणारी कमांड. ओपनएसएसएलच्या लिबएसएसएल फाईलपुढे 'नॉट फाउंड'. तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते इतकी वर्षं काम करूनही मला कळलं नव्हतं: लायब्ररी कुठे आहे हे बिल्ड करताना लिंकरला एकदा सांगावं लागतं आणि प्रोग्रॅम चालताना लोडरला पुन्हा. मी दिलेला रस्ता बिल्डपुरताच होता, तयार फाईलमध्ये त्याचा मागमूस नव्हता. तो फाईलमध्येच कोरायचा तर आरपाथ हवा, आणि पायथन ३.१० च्या कॉन्फिगरमध्ये, म्हणजे बिल्डआधीच्या तयारीच्या कमांडमध्ये, ओपनएसएसएलच्या आरपाथसाठी खास पर्याय आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. शिवाय आधी मेक डिस्टक्लीन, म्हणजे जुन्या कॉन्फिगरचं काही चिकटून राहायला नको.

या वेळी तयार फाईलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या रीडएल्फमध्ये ऑप्टचा रस्ता स्पष्ट दिसला. एलडी लायब्ररी पाथची ओळ मी पुसून टाकली. पहाटेचा जॉब चालला. सिस्टिमचं ओपनएसएसएल जिथल्या तिथे, एसएसएच शाबूत.

दोन्ही दिवस फोनवर मागे तुमच्या मुलाचे पाढे ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती, हे मला नंतर कळलं. तुम्ही एकदाही "ठेवते" म्हणाला नाहीत. त्याबद्दलचे आभार राहून गेले होते, ते आज मानतो.

तुमचा,
पलीकडच्या विभागातला