न आलेल्या बाईचं मत उभ्या बाटलीला का? उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, राज्य उत्पादन शुल्क,
मंत्रालय, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मी एका छोट्या पक्षाचं काम करते. विधानसभेत आमचा एकही आमदार नाही. पण एखाद्या गावात दारूबंदीचं मतदान लागलं की आमचे कार्यकर्ते झेंडा घरी ठेवून दारोदार फिरतात, कारण या प्रश्नात बायका पक्ष बघत नाहीत.

2008 च्या सरकारी आदेशानुसार गावातलं परवानाधारक दारूचं दुकान मतदानाने बंद करायचा हक्क गावाला आहे. 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान. दुकान बंद हवं तर आडवी बाटली, चालू हवं तर उभी. आपल्याकडे माणूस निवडून द्यायला मत मिळतं, एखाद्या प्रश्नाचा निकाल थेट लावायला सहसा मिळत नाही. इथे ते मिळतं. म्हणून या तरतुदीचं मोल आम्हाला फार आहे.

अडचण एका अटीची आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांचं बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत 1,000 बायका आहेत. 600 मतदानाला आल्या, 490 जणींनी आडवी बाटली निवडली, 110 जणींनी उभी. दुकान चालूच राहतं! म्हणजे जी आलीच नाही तिचं मत उभ्या बाटलीच्या खात्यात गेलं. सरपंच, आमदार, खासदार यांच्यापैकी कुणालाही ही अट नाही. झालेल्या मतांत जो पुढे, तो निवडून येतो.

आणि न आलेली बाई म्हणजे कोण? आमच्या गावाच्या यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावं होती, वारलेल्या म्हाताऱ्यांची होती. शिवाय मतदान लागलं ऐन ऊसतोडीच्या हंगामात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्यावर जातात, ते परततात मार्च-एप्रिलला. नवऱ्याच्या दारूचा त्रास सगळ्यांत जास्त सोसणारी बाई त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत होती. उचल फिटलेली नसताना एका मतासाठी तिला कोण सोडणार? आलेल्या बायकांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती, तरी गाव हरलं.

पडताळणीचंही सांगते. ती कामाच्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात. एक दिवसाची मजुरी बुडवून बायका रांगेत उभ्या होत्या. समोर झाडाखाली मोटारसायकल लावून दुकानातला माणूस कोण कोण येतंय ते बघत होता. एका आजींनी नातवाकडून सही शिकून निवेदनावर केली होती. टेबलापाशी साहेबांसमोर त्यांचा हात थरथरला, सही जुळली नाही, नाव बाद झालं. त्यांना सही चांगली येत होती, मी स्वतः पाहिली होती. भ्यायला झालं म्हणाल्या.

दारूच्या महसुलाचा प्रश्न सरकारपुढे असतो हे आम्हालाही समजतं. चंद्रपूर जिल्ह्याची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठली, तेव्हा अवैध दारूचं कारण पुढे आलं होतं. त्या वादात मी आज शिरत नाही. आमची मागणी जिल्हाभर बंदीची नाहीच. गावातल्या बायकांनी नको म्हटलेलं एक परवानाधारक दुकान बंद व्हावं, एवढीच आहे.

म्हणून विनंती आहे की निकाल झालेल्या मतांवर लावा. अगदीच हजेरीची अट हवी असेल तर एक किमान टक्का ठरवा, पण गैरहजर बाईला दुकानाच्या बाजूने मोजू नका. मतदानाआधी यादीतली मयत आणि स्थलांतरित नावं काढा. ऊसतोडीच्या गावांत हंगाम चालू असताना तारीख लावूच नका. पडताळणी संध्याकाळी, वस्तीवर जाऊन करा. अंगठ्याचा पर्याय ठेवा आणि दुकानाच्या माणसांना तिथे फिरकू देऊ नका.

यातलं बरंचसं नव्या कायद्याविना, आदेशात दुरुस्ती करून होण्यासारखं आहे. आमच्याकडे निवेदनाच्या सह्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. दिवाळीला कोयते निघायच्या आत आपला निर्णय व्हावा.

आपली,
एक कार्यकर्ती, बीड जिल्हा