हॉलची भिंत आरसा आणि किचनची भिंत टीपकागद

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: खोलीला न शोभणारं रंगाचं फिनिश (रंग चकचकीत की बिनचकाकीचा) गळ्यात मारल्याबद्दल आणि नंतर हात वर केल्याबद्दल

नमस्कार,

याआधी दोन ईमेल केले, दोन्ही वेळा "युवर कम्प्लेंट इज रिझॉल्व्ड" असा मेसेज आला आणि घरात मात्र काहीच रिझॉल्व्ह झालेलं नाही, म्हणून आता जरा सविस्तरच लिहिते. लांबलं तर लांबलं, ६२ हजारांचं बिल भरलंय मी, त्यावर १८ टक्के जीएसटीपण भरलाय.

आमचा डोंबिवली पूर्वेला टू बीएचके आहे, बिल्डिंग जुनी, बिल्डरचं प्लास्टर म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीतच असेल, भिंतीला पट्टी लावून बघितली तर मधून बोट जाईल. दसऱ्यानंतर तुमच्याच पेंटिंग सर्व्हिसकडून काम करून घेतलं, दिवाळीच्या आत पाहिजे होतं. तुमचा कन्सल्टंट आला, मुलगा गुणी होता, चहापण घेतला नाही. टॅबवर त्याने आम्हाला दीड तास शेड दाखवल्या. बदामी की हस्तिदंती यावर आमच्या घरात अबोला व्हायची वेळ आली होती. आणि फिनिशला किती वेळ दिला? दोन वाक्यं. "मॅडम हॉलला प्रीमियम हाय शीनच (म्हणजे चकचकीत) घ्या, रिच लुक येतो, आणि किचन छोटंय तर तिथे साधं मॅट (बिनचकाकीचं) करू, ट्रेंडमध्ये पण आहे आणि बजेटपण वाचेल." झालं. या खोलीत कोण बसतं, ऊन कुठून येतं, भिंत सरळ आहे का, फोडणी दिवसातून कितीदा होते, यातलं एक अक्षर विचारलं नाही.

आता हॉलचं ऐका. आमची खिडकी पश्चिमेला आहे, थंडीत दुपारी चार-साडेचारला ऊन तिरकं आत येतं आणि खिडकीच्या बाजूची भिंत चाटत जातं. त्या वेळी त्या भिंतीवर पुट्टीचा प्रत्येक फटकारा, रोलरचा प्रत्येक पट्टा, जुन्या स्विचबोर्डचा बुजवलेला चौकोन, सगळं सगळं उठून दिसतं, अगदी नकाशा. रात्री ट्यूब लावली की तेच परत. पेंटरला विचारलं तर तो म्हणतो ताई, भिंतच अशी आहे, मी काय करणार, मी दोन हात नीट मारलेत. आणि खरं सांगते, त्याचं चुकलं असं मला नाही वाटत. वाकड्यातिकड्या भिंतीला चकचकीत रंग द्यायला त्याने नाही सांगितलं, तुम्ही सांगितलं.

पडद्याचा रॉड सरकवला तेव्हा दोन भोकं बुजवून त्याच डब्यातला रंग लावला, तर तो ठिगळासारखा दिसतोय. मॅटचा टचअप बराचसा मिसळून जातो, शीन असलेल्या रंगाचा कुठूनही दिसतो, त्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते, हेही मला नंतर दुकानदाराने सांगितलं. शिवाय हॉल आणि पॅसेजला शेड एकच, नंबर एकच, पण पॅसेजला तुम्ही मॅट दिलंत, त्यामुळे कोपऱ्यावर दोन वेगळे रंग दिलेत असं वाटतं, चकाकी असली की रंग गडद दिसतो आणि मॅटमध्ये फिका. पाहुणे विचारतात, कमी पडला का रंग?

किचनची तऱ्हा उलटी. टाइल्स ओट्यापासून दोनच फूट आहेत, त्यावर तुमचं साधं मॅट. पहिल्या महिन्यातच फोडणीचं तेल आणि वाफ बसून पिवळट ढग आले. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं घेऊन पुसलं (पुसायच्या आधी महिनाभर थांबले होते, नाहीतर तुम्ही म्हणाल की रंग पूर्ण सुकू दिला नाही), तर रंग फडक्याला आला, डाग तिथेच, आणि जिथे जरा घासलं तिथे भिंत चकाकायला लागली. म्हणजे मॅटच्या भिंतीवर चकचकीत गोल! हॉलला नको तिथे चकाकी आणि इथे पण नको तिथेच.

मी केमिस्ट नाही, पण दुकानदाराने पाच मिनिटांत जे समजावलं ते तुमच्या माणसाला येत नसेल असं मला वाटत नाही. डब्यात रंगद्रव्य आणि पांढरी पूड असते आणि ते धरून ठेवणारा बाइंडर असतो. बाइंडर भरपूर असला की वरचा थर बंद आणि गुळगुळीत होतो, पुसता येतो, पण उजेड सरळ परत फेकतो म्हणून भिंतीचा प्रत्येक खळगा सांगतो. पूड जास्त आणि बाइंडर कमी असला की थर खरखरीत, उजेड विखुरतो, खळगे लपतात, पण त्याच खरखरीतपणात तेल मुरतं. धुता येणारं चांगलं मॅटही मिळतं, थोडं महाग असतं, तेही आता कळलं. ते तुम्ही दाखवलंसुद्धा नाही. आणि तुमच्या शेडकार्डावरचा तो स्टॅम्पएवढा तुकडा बघून चारशे फूट भिंतीवरची चकाकी कळणार कशी?

माझं माहेर गिरगावातल्या चाळीत. तिथे खाली कमरेपर्यंत ऑइल पेंट आणि वर नीळ घातलेला चुना असायचा, मधे बोटभर पट्टा ओढलेला. फिनिश हा शब्द कोणाला माहीत नव्हता पण खाली टेकून बसणाऱ्यांच्या तेल लावलेल्या डोक्यांचे आणि पोरांच्या हातांचे डाग पडतात, वर पडत नाहीत, एवढं कळत होतं. आमचे नाना (सासरे) रोज दिवाणावर भिंतीला डोकं टेकून पेपर वाचतात. एवढं जरी विचारलं असतंत ना!

तुमच्याकडून उत्तर काय आलं तर "शीन ही कस्टमरची पर्सनल चॉइस आहे, वॉरंटी पोपडे आणि बुरशीला आहे, अपिअरन्सला नाही." अहो, चॉइस करायला आधी सांगावं लागतं. तुम्ही कन्सल्टेशनची सेवा म्हणून बिलात वेगळी ओळ लावली आहे, कॉपी जोडली आहे.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. हॉलच्या खिडकीशेजारच्या आणि समोरच्या भिंतीची चकाकी पॉलिश पेपरने मारून (त्याशिवाय वरचा थर पकडणार नाही, शॉर्टकट नको), पुट्टीने लेव्हल करून, प्रायमर आणि मग धुता येणारं मॅट. किचनला डाग नीट धुऊन, प्रायमर मारून सॅटिन (मध्यम चकाकीचं, पुसता येणारं). मटेरियल आणि मजुरी तुमची. दरवाजे, चौकटी आणि सीलिंग यांना हात लावू नका, दरवाजांना ग्लॉस आणि सीलिंगला मॅट हे एवढं तरी बरोबर जमलंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी येते आणि ५ लाखांच्या आतल्या खरेदीला तिथे फीपण लागत नाही, तेव्हा मला घाबरायचं काही कारण नाही.

आणि हो, मागच्या वेळी तुमचा सुपरवायझर सकाळी अकराला आला, सगळीकडे सपाट उजेड होता, मोबाइलवर दोन फोटो काढले आणि "नो इश्यू" लिहून गेला. या वेळी दुपारी साडेचारला पाठवा. त्याच्या आधी आलेल्या माणसाच्या कागदावर मी सही करणार नाही.

कळावे,
तुमची एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)

सोबत: बिलाची कॉपी, हॉलच्या भिंतीचे दुपारचे फोटो, किचनचे फोटो, आणि ज्या फडक्याला रंग आला त्याचाही फोटो