सोल्डरिंग आयर्न माझ्या हाती देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरली की आता खाली जिन्यात बझर वाजतो आणि कोणीतरी जाऊन पंप बंद करते. त्यात तुमचा वाटा किती मोठा आहे हे मी तुम्हाला समक्ष सांगू पाहिले, तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाचा रेडिओ उघडायला घेतलात. म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. नाव कुठे येऊ नये ही तुमची इच्छा मी पाळली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत तुम्हाला ओळखणाऱ्यांना ते सांगायची गरजही नाही.

तुमच्यापर्यंत मी कशी पोहोचले हे सांगायला हवे, कारण त्याशिवाय माझी कृतज्ञता पुरती कळणार नाही. पाण्याची पातळी दाखवणारे ते सर्किट मी स्वतः आखले होते आणि त्याचा पीसीबी, म्हणजे भाग जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा असलेला बोर्डही घरीच केला होता: लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उमटवून, बोर्ड नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून, एकेक भोक हाताने पाडून. सुटे भाग घ्यायला ज्या दुकानात गेले, तिथे मी बीसी ५४७ हे ट्रान्झिस्टर, म्हणजे लहान प्रवाह वाढवणारे तीन पायांचे भाग, मागितले आणि मला २एन३९०४ देण्यात आले. अंगावरचा नंबर वाचून मी विचारलेसुद्धा. उत्तर मिळाले, "ताई, सगळे एनपीएनच, सारखेच असतात. मुलाच्या प्रोजेक्टला चालून जातील." मुलाचा विषय मी काढलाच नव्हता. पुढे सर्किट नीट चालेना म्हणून तो बोर्ड घेऊन मी पुन्हा गेले, तर त्याकडे न पाहताच सांगितले गेले की हे घरी करायचे काम नाही, तयार मिळते, तेच न्यावे. मला राग चुकीचा भाग दिल्याचा तितकासा आलेला नाही; विचारलेल्या सरळ प्रश्नाला उत्तर देण्याच्या योग्यतेची मी वाटले नाही, याचा आला आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तुम्ही बोर्ड हातात घेतलात तो आधी फडक्याला हात पुसून. मग तो ट्यूबलाइटसमोर धरून, पलीकडून येणाऱ्या उजेडात एकेक रेषा नजरेने तपासत गेलात आणि म्हणालात, "रेषा कुठं तुटलेली नाही. छान उतरलाय." हा बोर्ड कोणाचा, कोणासाठी, असले काहीही तुम्ही विचारले नाही. "एलईडी अजिबात लागत नाहीत की मंद लागतात?" एवढेच विचारलेत, आणि या एका प्रश्नावरूनच मला कळले की आपण योग्य माणसापुढे उभे आहोत. एलईडी लागत होते, पण इतके मंद की अंधारातच दिसावेत. पूर्ण बंद पडलेल्या सर्किटमध्ये दोष शोधता तरी येतो. असे अर्धवट चालणारे सर्किट माणसाला फार थकवते.

भिंगातून नंबर वाचून तुम्ही पाकिटाच्या मागे दोन आकृत्या काढल्यात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस (लहान प्रवाह जिथे द्यायचा तो), एमिटर. २एन३९०४ चे नेमके उलटे, एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही एनपीएन या एकाच जातीचे, दोन्ही दिसायला सारखे, आणि तरीही माझ्या बोर्डवर प्रत्येक ट्रान्झिस्टर उलटा उभा होता. उलटा जोडलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, तो थोडेफार काम करतो, पण प्रवाह जेमतेम वाढवतो. आणि टाकीतल्या पाण्यातून बेसपर्यंत येणारा प्रवाह मुळातच नगण्य, मग एलईडी उजळणार कसा, हे तुम्ही इतके शांतपणे समजावलेत की मला दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही.

यानंतर जे घडले त्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. तुम्ही ते काम चुटकीसरशी करून दिले असते आणि मी तेवढ्यावरही समाधानाने घरी गेले असते. पण तुम्ही तुमच्या स्टुलावरून उठलात, मला बसायला सांगितलेत, आणि सोल्डरिंग आयर्नची मूठ माझ्याकडे करून म्हणालात, "तुमचा बोर्ड आहे, तुम्हीच फिरवा." सूचना एकच केलीत: घरी केलेल्या बोर्डवर तांबे नुसते चिकटलेले असते, भोकांना आतून धातूचा मुलामा नसतो, तेव्हा पॅड, म्हणजे भोकाभोवतीचे तांबे, फार वेळ तापवू नका, उचलला जाईल. मग तुम्ही बाजूला दिवा धरून उभे राहिलात. गिऱ्हाइके ताटकळत होती, तरी तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. पहिला ट्रान्झिस्टर फिरवून बसवला आणि त्याचा एलईडी लख्ख लागला, तेव्हा माझ्याइतकाच आनंद तुम्हालाही झालेला मी पाहिला.

इतक्या वर्षांत या बाजारात मला कोणी कारागीर म्हणून वागवले नव्हते. वस्तू विकणारे पुष्कळ भेटले, सौजन्याने विकणारेही भेटले. स्वतःची जागा देणारे तुम्हीच. समोरच्याला हे जमेल असे गृहीत धरणे यात मोठा चांगुलपणा आहे, आणि त्याला फार काही लागतही नाही, थोडा वेळ आणि थोडा आदर पुरतो. आपल्या शहरात जाणकार माणसांची कमतरता कधीच नव्हती, पण आपले ज्ञान समोरच्याला लहान न करता देणारी माणसे कमी आहेत, असे मला मनापासून वाटते.

निघताना तुम्ही विचारलेत की वापरलेल्या फेरिक क्लोराइडचे काय करता. मी ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवते हे ऐकून तुम्हाला बरे वाटले, आणि धुण्याचा सोडा थोडाथोडा घालून त्यातले तांबे साक्याच्या रूपात खाली बसू द्यावे, मोरीत ओतून मुठा नदीपर्यंत जाऊ देऊ नये, हेही तुम्ही सांगितलेत. टाकीत तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या सळया सोडण्याचा तुमचा सल्लाही मी मानला आहे. पाण्यातून सतत एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने तांबे झिजत जाते, तसे या सळयांचे अजून काही झालेले नाही.

पुढचा बोर्ड दोन्ही बाजूंना रेषा असलेला करायचे मनात आहे. दोन्ही बाजूंची भोके एकमेकांसमोर नेमकी कशी आणायची, हे विचारायला मी येणार आहे. त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत. या वेळी मात्र तुमच्या वेळेचे मोल तुम्हाला घ्यावेच लागेल, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
सदाशिव पेठेतील एक ग्राहक
पुणे