घुमटाचे आवाज परत मिळवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

गणेश चवथीच्या आरत्यांत आमच्या वाड्यावर रेकॉर्ड केलेलं घुमट (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आमचं गोव्याचं तालवाद्य), सोबतचं शामेळ हे तालवाद्य आणि कासाळं म्हणजे झांजा घेऊन मी रीपर या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी बांधत होतो. लॅपटॉप बदलला आणि प्रोजेक्ट उघडताच ट्रॅकमागून ट्रॅक 'फाइल सापडत नाही' म्हणू लागला. त्यातले एक जुने वादक हाताच्या दुखण्यामुळे आता घुमट वाजवत नाहीत. ते पुन्हा रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं.

फोंड्याला तुमच्याकडे आलो. तुम्ही प्रोजेक्टची फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडलीत. आत आवाज नव्हताच, नुसता मजकूर! प्रत्येक तुकड्याचा पत्ता लिहिलेला, आणि सगळे पत्ते 'ई' ड्राइव्हचे. आवाज ठेवलेली माझी बाहेरची हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपने 'एफ' म्हणून लावली होती. तुम्ही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर बदललंत आणि घुमट वाजू लागलं. मला बोलायला शब्द सुचेना.

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत, आणि माझ्या लेखी खरी मदत ती. 'सेव्ह ॲज' करताना सगळे आवाज प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये कॉपी करायची खूण तुम्ही करायला लावलीत. मग डिस्क काढून ठेवलीत आणि म्हणालात, आता उघड. उघडलं, वाजलं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला मिनिटामागे साधारण १७ एमबी जागा लागते, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळी प्रत ठेवायची तर डिस्क भरणारच. भरू दे, नवी घेता येते, असं तुमचं म्हणणं. मला ते पूर्ण पटलंय.

मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. कापलेले तुकडे दुसरीकडे. रेकॉर्डरने दिलेल्या आकड्यांऐवजी फाइलच्या नावात वाद्य, गाव, वर्ष आणि लय. वादकाचं नाव सोबतच्या नोंदीत, हे तुम्ही दोनदा बजावलंत. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण कोणत्या गावात कोण कसं वाजवतं हे आपणच असं जपलं तर राहील.

शिगम्यातले, म्हणजे आमच्या होळीच्या सणातले, ढोल-ताशे सध्या याच पद्धतीने लावतोय. झालं की डिस्क घेऊन येतो. एक प्रत तुमच्याकडे राहू द्या, ताई.

तुमचा,
घुमटवाला